बीबी का मकबरा : सात आण्यांचा हिशेब

हिवाळा आला की मराठवाड्यातील शाळांच्या सहली निघतात. वेरूळ, दौलताबाद, पाणचक्की असा क्रम आटोपून एसटीच्या गाड्या दिवस कलताना बेगमपुऱ्याच्या बाजूला येऊन थांबतात. दमलेली मुले रांगेने उतरतात, पितळी पत्र्याने मढविलेल्या दरवाजातून आत शिरतात, आणि कारंज्यांच्या लांबलचक रांगेपलीकडे पांढरा घुमट दिसू लागताच बरोबरचे गुरुजी सांगतात, ‘हा दख्खनचा ताजमहाल.’ मुले क्षणभर पाहत राहतात. ज्यांनी आग्र्याचे चित्र नीट पाहिलेले असते ती हळूच म्हणतात, ‘पण तसा नाही.’ सहलीच्या वहीत मग एवढेच उतरते : बीबी का मकबरा ही ताजमहालाची प्रतिकृती होय.

या वाक्यात खोटे असे काही नाही. परंतु ते वाक्य एकदा मनात बसले की मकबरा पाहण्याचे काम संपते आणि तो मोजण्याचे काम सुरू होते. आणि मोजण्यासाठी हातात घेतलेले माप दुसऱ्याच इमारतीचे असते. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, या वास्तूचे स्वतःचे माप वेगळे आहे, आणि ते एका आकड्यात सापडते. गुलाम मुस्तफा याच्या ‘तारीखनामा’ या ग्रंथात मकबऱ्याच्या बांधकामाचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिला आहे. बादशाही घराण्यातील स्त्रीची कबर, आणि तिचा हिशेब आण्यापर्यंत. ताजमहालाच्या खर्चाबाबत एवढा काटेकोरपणा आढळत नाही. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी पन्नास लाख रुपये सांगतो. पुढील काळात हा आकडा वाढत वाढत तीन कोटींच्या पलीकडे गेला. एका इमारतीचा खर्च कीर्तीबरोबर फुगत गेला, दुसरीचा सात आण्यांपाशी थांबला. लाहोरीचाच आकडा धरला तरी ताजचा खर्च मकबऱ्याच्या साडेसात पट भरतो. तेव्हा मकबरा ताजसारखा का नाही, हा प्रश्न उरतच नाही. एवढ्याशा रकमेत तो इतका तरी कसा झाला, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

तुटीचा सुभा

मकबऱ्यात चिरनिद्रा घेणारी दिलरस बानू बेगम ही औरंगजेबाची पहिली पत्नी. ती इराणच्या सफवी घराण्याशी नाते सांगणाऱ्या शाहनवाज खानाची कन्या. १६५७ च्या सप्टेंबरात तिने शाहजादा अकबर याला जन्म दिला आणि त्या बाळंतपणातून ती उठली नाही. ऑक्टोबरात औरंगाबादेतच तिचा अंत झाला. तिला पुढे ‘राबिया-उद्-दौरानी’, म्हणजे आपल्या युगाची राबिया, या नावाने ओळखले जाऊ लागले. नेमक्या त्याच सप्टेंबरात दिल्लीत शाहजहान आजारी पडला आणि चार पुत्रांच्या वारसायुद्धाची ठिणगी पडली. १६५८ च्या प्रारंभी औरंगजेब फौज घेऊन उत्तरेकडे निघाला. म्हणजे पत्नीच्या कबरीची माती ओली असतानाच तो राज्यासाठीच्या लढाईत उतरला होता, आणि त्या काळात प्रत्येक रुपयावर पहिला हक्क फौजेचा होता.

मकबरा आझमशहाने आईच्या स्मरणार्थ बांधला, असे रूढ मत आहे. तथापि आईच्या मृत्यूसमयी आझमशहा अवघा चार वर्षांचा होता. त्यामुळे मूळ आज्ञा औरंगजेबाचीच असावी आणि पुत्राचे नाव तिच्याशी नंतर जोडले गेले असावे, असा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो. बांधणारा कोणीही असो, ज्या सुभ्यात ही इमारत उभी राहिली त्या सुभ्याची आर्थिक अवस्था मात्र निर्विवाद होती.

दख्खनचा मोगली सुभा त्या काळी तुटीचा सुभा होता. निजामशाही बुडविताना झालेल्या दीर्घ लढाया आणि १६३० ते १६३२ चा भीषण दुष्काळ यांनी गावेच्या गावे ओसाड पाडली होती. जहागिरीचे कागदोपत्री उत्पन्न एक आणि प्रत्यक्ष वसूल दुसराच, ही नित्याची तक्रार होती. तूट भरून काढण्यासाठी अन्य सुभ्यांच्या खजिन्यांकडे पाहावे लागे. सुभेदार औरंगजेब आणि बादशहा शाहजहान या पितापुत्रांमधील पत्रव्यवहार या पैशाच्या कुरबुरींनी भरलेला आहे. दिवाण मुर्शिद कुली खान याने जमिनीची मोजणी करून, पिकाच्या वाट्यावर सारा ठरवून आणि शेतकऱ्यांना तगाई देऊन ही घडी सावरण्याचा यत्न याच वर्षांत केला. मकबऱ्याच्या हिशेबातील सात आणे या पार्श्वभूमीवर वाचावयास हवेत. ही कबर ओसंडून वाहणाऱ्या खजिन्यातून उभी राहिलेली नाही. नांगर पुन्हा जमिनीला लागावा म्हणून धडपडणाऱ्या प्रदेशाने तिचा खर्च सोसलेला आहे.

नक्कल कोठे, निवड कोठे

प्रवेशद्वारावरील लेखात दोन नावे आढळतात : वास्तुविशारद अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा पुत्र. पित्याने उत्तरेत घडविलेल्या रूपाची छाया पुत्राच्या कामावर पडली यात नवल नाही. परंतु अताउल्लाची आणखी एक ओळख आहे, आणि मराठी वाचकाला ती अधिक जवळची वाटावी. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथाचे फारसी भाषांतर त्याने शाहजहानच्या काळात केले होते. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. मकबऱ्यापासून घाट उतरला की तो मुलूख लागतो. त्या गणिताशी झुंजलेल्या माणसाकडे दख्खनमध्ये एक अवघड समीकरण सोडविण्यासाठी आले होते. आकार बादशाही हवा, पैसा मर्यादित, आणि पांढरा दगड शेकडो कोसांवर.

ते समीकरण कसे सुटले हे इमारतीभोवती सावकाश फिरले असता दिसू लागते. भोवतालचे आवार उत्तर-दक्षिण सुमारे ४५८ मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २७५ मीटर, म्हणजे जवळजवळ एकतीस एकरांचे आहे. चार भागांत विभागलेल्या या बागेच्या मध्यभागी उंच चौथऱ्यावर कबरीची इमारत उभी आहे. उत्तर, पूर्व आणि पश्चिम या तीन तटांच्या मध्यावर बारादऱ्या, आणि दक्षिणेस मुख्य दरवाजा. पश्चिमेकडील मशीद ही मूळ कल्पनेतील नव्हे. निजामाच्या अमदानीत तिची भर पडली आणि त्या बाजूचा मार्ग बंद झाला.

बागेच्या मध्यभागी कबर ही मोगलांची जुनी रीत होय. दिल्लीला १५७० च्या सुमारास पूर्ण झालेली हुमायूनची कबर अशीच चारबागेच्या केंद्रस्थानी आहे. आग्र्याजवळ सिकंदऱ्याला अकबराची कबरही तशीच. या परंपरेला अपवाद केला तो ताजमहालाने. तेथे इमारत बागेच्या टोकाला, यमुनेच्या काठावर सरकविलेली आहे. बागेच्या आराखड्यात मकबरा ताजच्या मागे गेलेला नाही. ताजला ओलांडून तो हुमायूनच्या कबरीशी नाते जोडतो.

आत गेल्यावर दुसरा फरक जाणवतो. ताजमध्ये खरी कबर तळघरात आणि वर दर्शनासाठी तिची प्रतिकृती. मकबऱ्यात अशी प्रतिकृती नाही. वरच्या मजल्याची जमीनच मधोमध अष्टकोनी उघडी ठेवलेली आहे आणि तिच्याभोवती संगमरवरी जाळीचा कठडा आहे. त्या कठड्याशी उभे राहून खाली पाहिले की संगमरवरी जाळ्यांच्या अष्टकोनात दिलरस बानूची खरी कबर दिसते. बांधणाऱ्याने एक दालन आणि एक शिला वाचविली, असे कोणी म्हणेल. परंतु त्या बचतीतून जो परिणाम साधला तो कोणत्याही शिलेने साधला नसता. पाहणाऱ्याची मान आपोआप खाली झुकते.

संगमरवराचा वापरही असाच विचारपूर्वक झाला आहे. माणसाचा हात जेथवर पोहोचतो तेथवर, म्हणजे भिंतींच्या तळपट्टीपर्यंत, संगमरवर. त्यावर घुमटाच्या बुडापर्यंत दख्खनचा काळा दगड, आणि त्यावर चुन्याचा घोटीव गिलावा. घुमट पुन्हा संगमरवरी. जवळून स्पर्श होतो तो भाग आणि दुरून नजर जाते तो भाग अस्सल संगमरवराचा. मधला सारा भाग दगड आणि चुना यांवर भागविलेला. संगमरवर राजस्थानातील खाणींतून आणावा लागे. आग्र्याच्या तुलनेत हे अंतर दुपटीहून अधिक. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवर लादलेले सुमारे तीनशे गाडे पाहिल्याची नोंद केली असून त्यांतील लहानात लहान गाड्यालाही बारा बैल जुंपलेले होते. ही वाहतूक पाहता वरचा प्रत्येक वार संगमरवराने मढविणे तुटीच्या सुभ्याला परवडणारे नव्हते, हे सांगावयास नको.

उणिवा नाहीत असे नव्हे. चार मनोरे इमारतीच्या मानाने उंच आणि जवळ आल्यासारखे वाटतात, घुमटाला ताजच्या घुमटाची भरदार गोलाई नाही, आणि एकंदर इमारत रुंदावण्याऐवजी उंच ताणली गेल्यासारखी दिसते. जाणकारांनी हे दोष वेळोवेळी दाखविले आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र प्रमाणाचा दोष निराळा आणि साधनांच्या तुटवड्याला दिलेले दोषाचे नाव निराळे. ‘गरिबांचा ताज’ या शब्दप्रयोगात या दोहोंची गल्लत झालेली असते.

चुन्याची कारागिरी

ज्या गिलाव्याला स्वस्त पर्याय म्हणून हिणविले जाते तो मुळात हलक्या हाताचा व्यवहार नव्हता. चुनखडी भट्टीत भाजावयाची, कळीचा चुना पाण्यात विझवावयाचा, तो बैलांच्या घाणीत मळावयाचा, एकावर एक थर चढवावयाचे, आणि शेवटचा थर ओला असतानाच तो घोटून घोटून आरशासारखा करावयाचा. त्यातूनच मग वेली, फुले आणि जाळ्यांची उठावदार नक्षी. मकबऱ्याच्या कमानींवरील अशी चुन्यातील नक्षी बारकाईने पाहिली तर दगडावर छिन्नी चालविणाऱ्याइतकाच येथील गवंड्याचा हात सराईत होता हे कळून येते.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट रंजक वाटेल. विझविलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो. आणि संगमरवर म्हणजेही मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटच. मकबऱ्याच्या भिंतीवरचा चुना आणि घुमटावरचा संगमरवर ही एकाच द्रव्याची दोन रूपे आहेत. एकाला भूगर्भाने कोट्यवधी वर्षे घडविले, दुसऱ्याला गवंड्याने काही महिन्यांत.

फरक आहे तो टिकण्यात. संगमरवर दुर्लक्ष पुष्कळ काळ सोसतो. चुना सोसत नाही. एखादी बारीक भेग पडली की पावसाचे पाणी आत झिरपते, काळा दगड आणि गिलावा यांच्यामध्ये ओल धरते, उन्हाने पापुद्रा सुटतो, त्यावर शेवाळ काळे पडते. वेळच्या वेळी डागडुजी झाली तर चुना पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. न झाली तर एका पिढीतच इमारत विद्रूप दिसू लागते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर मकबऱ्याचा भांडवली खर्च कमी आणि म्हणूनच आवर्ती खर्च अधिक आहे. जी इमारत स्वस्तात उभी राहिली तिची राखण महाग असते. हा नियम संगमरवराच्या तेजाने दिपलेल्या डोळ्यांना दिसत नाही.

बांधणे आणि राखणे

मोगल बादशहांना हा नियम ठाऊक होता. लाहोरीच्याच नोंदीप्रमाणे ताजमहालाच्या देखभालीसाठी आग्रा परिसरातील तीस गावांचे एक लाख रुपयांचे वार्षिक उत्पन्न, आणि लगतचे बाजार व सराया यांच्या भाड्याचे दोन लाख रुपये, असे तीन लाखांचे उत्पन्न कायमचे नेमून दिलेले होते. बांधकामाचा पन्नास लाखांचा आकडा धरला तर ही वार्षिक तरतूद मूळ खर्चाच्या सहा टक्के होते. हेच उत्पन्न सव्वादोन वर्षे साठविले असते तर त्यात बीबीचा अख्खा मकबरा उभा राहिला असता. ताजचे खरे ऐश्वर्य त्याच्या घुमटाइतकेच या तीस गावांतही होते.

आणि तरीही ताज गळत होता. १६५२ च्या अखेरीस दख्खनच्या सुभेदारीवर निघालेल्या औरंगजेबाने आग्र्यास थांबून आईच्या कबरीचे दर्शन घेतले, आणि पित्याला लिहिलेल्या पत्रात घुमट पावसाळ्यात उत्तरेकडून दोन ठिकाणी गळत असल्याचे कळविले. नदीपलीकडची मेहताब बाग पुराच्या पाण्याखाली गेल्याचेही त्यात नमूद आहे. जगात ज्याची तोड नाही अशी इमारत पुरी होते न होते तोच तिच्या दुरुस्तीचा तगादा सुरू झाला होता. तो तगादा लावणाऱ्याच्याच पत्नीसाठी पाच वर्षांनी चुन्याच्या गिलाव्याची कबर बांधावयाची होती, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल.

कबरीच्या इमारतीहून नाजूक असते ती कबरीची बाग. चारबाग म्हणजे केवळ हिरवळ नव्हे. पाणी हा तिचा प्राण. मोगल बागांतील कारंजी उंचावरून आणलेल्या पाण्याच्या दाबावर उडत. हे पाणी दख्खनच्या या कोरड्या पठारावर खेळविण्याची विद्या औरंगाबादेत मोगलांच्या आधीपासून होती. १६१० मध्ये खडकी वसविणाऱ्या मलिक अंबरने पुढील काही वर्षांतच डोंगरातील झिरपे भूमिगत मार्गांनी व खापरी नळांनी शहरात आणले. ‘नहर-ए-अंबरी’ या नावाने ती योजना प्रसिद्ध आहे. त्यानंतर शहरात अशा आणखी नहरी झाल्या. पुढे नळ फुटले, झरे बुजले, नहरींवर घरे चढली. ज्या शहरातील अनेक वसाहतींनी नळाच्या पाण्यासाठी कित्येक दिवस वाट पाहण्याची वर्षे काढली, त्या शहरात एका राणीच्या बागेची कारंजी सतत का उडत नाहीत, असे विचारण्याचा धीर कोणाला होणार? तरी पाणी नसलेली चारबाग ही अर्धीच वास्तू होय, हे विसरता येत नाही.

आजचा प्रश्न

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील या वास्तूच्या गिलाव्याचे पोपडे सुटल्याच्या आणि संगमरवर काळवंडल्याच्या तक्रारी अधूनमधून वृत्तपत्रांत येतात. मग दुरुस्तीची घोषणा होते, परांची बांधल्या जातात, काही भाग उजळतो, आणि पुढल्या तक्रारीपर्यंत शांतता नांदते. दोष कोणा एका अधिकाऱ्याचा नाही. तो आपल्या सार्वजनिक अर्थव्यवहाराच्या सवयीचा आहे. एकरकमी अनुदान मिळविणे सोपे, कारण त्याचे उद्घाटन करता येते. दरवर्षीची छोटी तरतूद मिळणे कठीण, कारण तिचे उद्घाटन होत नाही. शाळेची इमारत बांधली जाते आणि तिच्या गळक्या छपराला कौल मिळत नाही, धरण उभे राहते आणि कालव्याची पोटचारी फुटकीच राहते, याचे मूळही या सवयीतच आहे.

दुसरा मार्ग नाही असे नव्हे. दिल्लीतील हुमायूनच्या कबरीच्या बाबतीत पुरातत्त्व सर्वेक्षण आणि आगाखान सांस्कृतिक न्यास यांनी मिळून १९९७ ते २००३ या काळात प्रथम बाग हाती घेतली, पाट मोकळे केले, कारंजी पुन्हा चालू केली. त्यानंतर २००७ ते २०१३ या काळात मुख्य इमारतीचे काम झाले. आधीच्या दुरुस्त्यांत छपरावर चढविलेले सुमारे दहा लाख किलो सिमेंट काँक्रीट त्यावेळी हातांनी उतरविण्यात आले आणि त्याच्या जागी परंपरागत चुना वापरण्यात आला. सिमेंट लवकर होते. पण ते भिंतीतील ओल कोंडून धरते. चुना सावकाश होतो. पण तो भिंतीला श्वास घेऊ देतो. त्या कामात गवंडी, पाथरवट आणि कुशल कारागीर यांना वर्षानुवर्षे रोजगार मिळाला ही गोष्ट अर्थशास्त्रीय दृष्टीने घुमटाइतकीच मोलाची आहे. मकबऱ्यासारख्या गिलाव्याच्या वास्तूला तर कायमस्वरूपी चुन्याच्या कारागिरांची गरज आहे. ती विद्या हातांत राहिली तरच भिंतीवर राहील.

या सर्व विचारात सहलीला आलेल्या मुलांचा वाटा कोणता? मकबऱ्यात येणारे अनेकजण वरच्या कठड्यावरून खालच्या कबरीवर नाणी टाकतात. कोणी नवस म्हणून, कोणी गंमत म्हणून, कोणी दुसऱ्याने टाकले म्हणून. चादरीवर पडलेली ती सुटी नाणी पाहिली की तीस गावांच्या उत्पन्नाची आठवण होते. लोक अजूनही काहीतरी देऊ पाहतात. त्या देण्याला दिशा नाही एवढेच. गुरुजींनी त्या कठड्याशी मुलांना घडीभर थांबवावे आणि सांगावे की, ही इमारत दुष्काळाने आणि युद्धाने थकलेल्या मुलखात, सात आण्यांचाही हिशेब ठेवून, एका गणितज्ञाने आणि नाव न राहिलेल्या शेकडो गवंड्यांनी उभी केली. मग भिंतीजवळ नेऊन जेथे संगमरवर संपतो आणि चुना सुरू होतो ती रेघ दाखवावी. ती रेघ कोठे आहे आणि ती तेथेच का आहे, हे ज्या मुलाला कळले त्याच्या वहीत प्रतिकृती हा शब्द येणार नाही. आणि मोठेपणी एखाद्या कचेरीत बसून अंदाजपत्रकाचे रकाने भरण्याची वेळ त्याच्यावर आली, तर बांधकामाच्या रकान्याशेजारचा देखभालीचा रकाना तो कोरा ठेवणार नाही.